गुडघ्याच्या थोडं वर

त्या वर्षी माझ्या लेकीच्या उजव्या गुडघ्यावर आमच्या घरानं जेवढं तेल जिरवलं, तेवढ्यात एका लग्नाच्या पुऱ्या तळून निघाल्या असत्या. तिच्या आईनं तिळाचं तेल कोमट करून चोळलं. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांनी, कुठूनतरी हिरवा बाम आणला. तो लावला की शेजारी बसलेल्याचे डोळे चुरचुरायचे. मी दुकानातला ओवा भाजून फडक्यात बांधला आणि शेकून दिलं. गुडघा असा चकाकायला लागला की त्यात बघून भांग पाडावा. दुखणं मात्र जागच्या जागी.

जागच्या जागी म्हणजे नेमकं कुठं, हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त तिला, आणि ती सांगत नव्हती.

आम्ही उदगीरचे. किराणा आणि सरकी-पेंडीचं दुकान. अण्णांनी बोलायचं आणि मी मान हलवायची, ही वाटणी वडील गेल्यापासून ठरलेली होती आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. बोलायला अक्कल लागते, मान हलवायला नुसती मान पुरते. त्या साली पाऊस आलाच नाही. दिवाळीच्या आधीच गल्लीत टँकर यायला लागला. गावात विषय दोनच, पाणी आणि जिल्हा. लातूरपासून वेगळा होऊन उदगीर जिल्हा होणार, असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं, पण त्या साली हवा जास्तच तापली. अण्णा कृती समितीत. तहसीलसमोर मांडव घातलेला, अण्णा सकाळी पांढरा शर्ट घालून तिथं जाऊन बसायचे. मी दुकानात बसायचो. गिऱ्हाईक यायचं, ‘होतंय का जिल्हा?’ विचारायचं आणि पेंड न घेताच जायचं, कारण जनावरं छावणीत.

लेक नववीत होती. शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात बॅक खेळायची. मला त्या खेळातलं एवढंच कळायचं की माझी लेक गोलाच्या पुढं उभी राहते आणि येणाऱ्याला जाऊ देत नाही. हा गुण आईकडून आला असणार, असं मी मनातल्या मनात म्हणायचो. तर त्यांच्या संघानं लातूर जिल्हा जिंकला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विभागाची मॅच नांदेडला ठरली. आणि नेमकी तेव्हाच ही लंगडायला लागली.

डॉक्टरांनी फोटो काढला. गुडघा उत्तम आहे म्हणाले. ही बातमी ऐकून खरं तर घरात आनंद व्हायला पाहिजे होता. झालं उलटंच. संध्याकाळी अण्णांनी भाकरी मोडता मोडता विषय काढला.

“डॉक्टर म्हणला गुडघ्यात काही न्हाई. मग लंगडायलीस कामून?”

लेक ताटात बघत राहिली.

“उद्या घरी पाहुणे आले तर त्यांच्यापुढं असंच लंगडत पोहे नेणार का?” अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी सवयीनं मान हलवली. कुठल्या बाजूनं हलवली ते मलाही कळलं नाही.

“हे बघ बाई,” अण्णा तिला म्हणाले, “नांदेडला जायचंय ना, जा. मी काही राक्षस न्हाई. पर तिथनं लंगडत आलीस, तर तुझे बूट जळकोट रोडच्या विहिरीत टाकतो. पाणी तर न्हाईच तिच्यात. बुडायचे पण न्हाईत. येता-जाता दिसत राहतील.”

अण्णा आवाज चढवून बोलले की त्यात अर्धी नुसती हवाच असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते अगदी हळू बोलले. लेकीनं भाकरी अर्धी ठेवली. ते बूट तिच्या क्रीडाशिक्षिकेनं स्वतःचे जुने दिलेले होते, नांदेडच्या कॉलेजात त्या ज्यात खेळल्या ते. ती ते उशाशी ठेवून झोपायची. आई ओरडायची, चपला-बूट उशाशी कुठं ठेवतात का. ती म्हणायची, हे बूट न्हाईत. मग काय आहेत, ते सांगायची नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मॅडमनी मला मैदानावर बोलावलं. मैदान म्हणजे काळी जमीन, भेगाळलेली. पावसाअभावी हरळीसुद्धा जळून गेलेली. मॅडमनी लेकीला सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधे स्वतःची मूठ ठेवली.

“दाब.”

तिनं दाबलं आणि तिचा चेहराच बदलला. ओठ आत गेले.

“गुडघा नाही हिचा,” मॅडम मला म्हणाल्या. “जांघ आहे.”

मोठ्यानं म्हणाल्या. मैदानावर. दिवसाढवळ्या. मी गोलपोस्टकडं बघायला लागलो. गोलपोस्टचा रंग उडालेला होता, ही गोष्ट मला त्या दिवशी फार महत्त्वाची वाटली.

“मग घरी गुडघा कशाला सांगितलंस गं?” त्यांनी तिला विचारलं.

ती उठून बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “घरी कसं सांगायचं मॅडम ते?”

खरंच होतं. आमच्या घरात माणसाला डोकं असतं, पोट असतं, फार झालं तर कंबर असते आणि तिथून एकदम गुडघे. मधला मुलूख नकाशातच नाही. तिनं आपलं नकाशात असलेलं जवळचं गाव सांगितलं आणि आम्ही सगळे तेल घेऊन त्या गावाला पोचलो.

“आता हे बघा,” मॅडम म्हणाल्या आणि तिला काहीतरी खूण केली. लेकीनं पाय दोन्ही बाजूंना पसरले आणि पुढं वाकून छाती जमिनीला टेकवली. मला बघवेना. मी आयुष्यात एकदाच असा पसरलो होतो, दुकानाच्या ओल्या पायरीवरून, आणि तेव्हा चौघांनी उचललं होतं.

“लवचिकपणा भरपूर आहे हिच्यात. तीच पंचाईत आहे. दुखलं की हिला वाटतं आखडलंय, म्हणून ही लपून अजून ताणते. हो ना गं?”

लेकीनं पाय जवळ घेतले.

“बॅकला सारखं आडवं पळायचं असतं, मधेच थांबायचं, एकदम वळायचं. त्या वेळी पाय खुब्यात धरून ठेवायला आतले, बाहेरचे, दोन्ही स्नायू दणकट लागतात. हिचे सैल आहेत पण दणकट नाहीत. बिजागरीचे स्क्रू ढिले झालेलं दार तुम्ही अजून उघडझाप करत बसाल का?”

“न्हाई,” मी म्हणालो. दारापर्यंत गोष्ट आल्यामुळं मला बरं वाटलं.

उपाय असा होता. ताणणं एकदम बंद. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं कडं करायचं, ते दोन्ही पायांत गुडघ्याच्या वर चढवायचं, खुर्चीत बसायला निघाल्यासारखं अर्धं बसायचं आणि तसंच बाजूला चालायचं. ट्यूब पाय आत ओढते, आपण बाहेर ढकलायचं. शिवाय गुडघ्यांत चेंडू धरून हळूहळू दाबायचं, दुखणार नाही इतपतच. सुट्टीभर.

“मॅचच्या दिवशी सकाळी मी परत मूठ ठेवून बघेन. दुखलं तर बाहेर बसवेन. आणि खेळताना दुखलं तर हात वर करायचा.” मग त्या लेकीकडं वळल्या. “एकदा खोटं सांगितलंस, त्याचं मी काही म्हणत नाही. दुसऱ्यांदा सांगितलंस तर तुझ्या जांघेबरोबर अख्खी टीम खाली जाईल.”

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या?

“ते जरा… गुडघ्याच्या थोडं वर हाय.”

“किती वर?”

“थोडं.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “जांघ म्हणा की वो. इतकी वर्षं झाली आपल्या लग्नाला.”

तिला कळलं, मला कळलं. प्रश्न अण्णांचा होता. त्यांना कोण सांगणार? बायको म्हणाली, मी थोरल्या दिरासमोर कशी बोलू. मी म्हणालो, बघतो. ‘बघतो’ म्हणणं हा मान हलवण्याचाच एक प्रकार आहे. अण्णांच्या लेखी तो गुडघाच राहिला.

आता ट्यूब लावून चालायचं कधी? सकाळी टँकरच्या नंबरला बसणं हे लेकीचं काम. घागरी, कॅन, बादल्या यांची रांग गल्लीच्या टोकापर्यंत लागलेली असायची आणि टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. लेकीनं डोकं लढवलं. तिनं सलवारवर ट्यूब चढवली आणि घागरींच्या रांगेच्या कडेनं आडवी चालायला लागली. अर्धी बसलेली, खेकड्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

आमच्या गल्लीला एवढं पुरेसं होतं. जिच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून, ती काकू पहिल्याच दिवशी म्हणाली, “का गं, पाय बांधलाव की काय तुझे?”

“व्यायाम हाय काकू.”

“हाव का. आमच्या लाथाड्या गाईला पण धार काढताना असंच बांधतेत.”

बायका हसल्या. लेकही हसली. पण गोष्ट रांगेतून हलली, गल्लीतून वळली आणि मांडवात पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली होती. पोरगी चेंडूला लाथा मारते म्हणून घरच्यांनी तिचे पाय बांधून टाकलेत. मांडवात कुणीतरी अण्णांना विचारलं, “अण्णा, जिल्हा मागायलाव आणि घरात पोरीला दावं लावलाव म्हणं?”

अण्णा दुपारीच घरी आले. चप्पल न काढता.

“कसली ट्यूब ती?”

“गुडघ्याचा व्यायाम हाय, अण्णा,” मी म्हणालो. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, तिला वाटलं होतं मी सांगेन.

“चार माणसात माझी मान खाली घालवायलाव तुम्ही. उद्यापासून बंद ते. आणि नांदेडचं पण काय ते बघू.”

ते गेले. लेकीनं ट्यूब काढली आणि खुंटीला अडकवली. रडली असती तर मला समजूत तरी घालता आली असती. ती नुसती म्हणाली, “अप्पा, दुखायचं कमी झालं होतं.”

संध्याकाळभर मी दुकानात बसून सरकीच्या पोत्याकडं बघत होतो. अण्णांशी बोलायचं तर शब्द सापडला पाहिजे, आणि तो एकच शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. सायकलवाल्याकडं गेलो, लेकीच्या मापाची दुसरी ट्यूब मागितली, ती माझ्या पायांत चढवून बघितली. पोटरीवर अडकली. त्यानं माझ्याकडं बघून निमूट स्कूटरची ट्यूब काढली.

सकाळी टँकरच्या रांगेत मी ट्यूब घालून उतरलो. वय सांगत नाही. मोटारसायकलवर टांग टाकायला मला आधी पायरी शोधावी लागते, यावरून समजा. अर्धा बसलो. गुडघे बोलले. उजवा पाय बाहेर टाकला, ट्यूबनं तो परत आत ओढला. लेक पळत आली. “अप्पा, बोटं पुढं ठेवा, गुडघे आत पाडू नका.” तिनंही खुंटीवरची ट्यूब काढून आणलेली होती. आम्ही दोघं घागरींच्या रांगेशेजारी आडवं चाललो, पुढं ती, मागं मी.

आधी कुणी हसलं नाही. मग काकूच्या तोंडातून पाण्यासारखं काहीतरी फुटलं आणि सगळी रांग हसायला लागली.

“लाथाडा बैल पण बांधला वाटतं!”

“काकू, बैलानं कधी कुणाला लाथ मारली न्हाई, तुम्हाला माहीत हाय,” मी धापा टाकत म्हणालो.

“इकडं द्या बघू,” काकूनं लेकीची ट्यूब घेतली, साडी सावरून पायांत चढवली आणि गेली की सरळ त्या टोकापर्यंत. तिच्यामागून दुसरी. बघता बघता टँकरपेक्षा ट्यूबलाच नंबर लागला. पाय बांधल्याची गोष्ट तिथंच मेली. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे पाय आता बांधलेले होते.

आणि अण्णा कोपऱ्यावर उभे होते. किती वेळ, कोण जाणे. हसणं एकेक करून बंद झालं.

“उतर त्याच्यातनं,” ते मला म्हणाले.

मी वाकलो. ट्यूब मांडीत रुतून बसली होती. “निघंना अण्णा.”

अण्णा पुढं आले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारल्या, सगळ्या गल्लीसमोर माझ्यापुढं उकिडवे बसले आणि ती ट्यूब खाली ओढायला लागले. ती एकदम सुटली आणि त्यांच्या हातावर चापट बसल्यासारखी लागली. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण त्याला मी हसू म्हणणार नाही.

“पोरीला करू दे,” ते उठत म्हणाले. “तू करू नको.” आणि लेकीकडं न बघता, “विहिरीचं मात्र ध्यानात ठेव.”

मॅचच्या दिवशी मॅडम, अकरा आणि वरच्या चार मुली आणि पालकांतर्फे मी, असे एका जीपमध्ये भरून पहाटे निघालो. कोण कुणाच्या मांडीवर आहे, याचा हिशोब लागत नव्हता. गाव संपतं तिथं जळकोट रोडवर टायर पेटवलेले. रास्ता रोको. जिल्हा झालाच पाहिजे. रस्त्याच्या मधोमध ताडपत्री आणि ताडपत्रीवर अण्णा.

घरात त्याबद्दल एक शब्द निघालेला नव्हता. कृती समितीचं आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं म्हणे.

“फक्त पेशंट सोडायलोत,” एका पोरसवद्या कार्यकर्त्यानं सांगितलं.

“अण्णांच्या घरची जीप हाय बे, सोड,” दुसरा म्हणाला.

“अण्णांचीच कामून? मघाशी माझ्या मेव्हण्याला माघारी पाठवलाव की!”

मॅडम घड्याळ बघत होत्या. वेळेत मैदानावर नाही पोचलो तर समोरचा संघ न खेळता जिंकतो, असं त्यांनी हळू सांगितलं. अण्णा उठून जीपपाशी आले. त्यांचा चेहरा धुरानं काळवंडला होता.

“माघारी जावा,” ते मला म्हणाले. “मला आपलं-परकं करता येत न्हाई इथं.”

मी मान हलवली. हलवली, आणि लगेच कळलं की हीच मान आपली लेक बघते आहे. पण मी काही बोलायच्या आत आतून तिचा आवाज आला.

“मोठे अप्पा, मी पेशंटच हाय की. तुम्हीच म्हणलाव, लंगडायलीस म्हणून.”

ताडपत्रीवर हशा पिकला. ज्याचा मेव्हणा परत गेला होता, तोही हसला. अण्णांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि लोकांकडं वळून गंभीरपणे म्हणाले, “पेशंट हाय. गुडघ्याचं.” मग पुढच्या सीटवरच्या दोन मुलींना मागं सरकवून स्वतः चढून बसले. “जळकोटला पण लोक बसलेत. तिथं कोण तुम्हाला ओळखणार? चल रे, घे गाडी.”

तर असे अण्णा नांदेडला आले. विहीर डाव्या हाताला मागं गेली. लेकीनं तिकडं बघितलं नाही. अण्णांनी बघितलं.

नांदेडच्या मैदानावर पाणी मारलेलं नव्हतं. मारायला होतं कुठं. मॅडमनी एका कोपऱ्यात लेकीला झोपवलं, मूठ ठेवली. मी दोन पावलांवर उभा होतो.

“दाब.”

तिनं दाबलं. चेहरा हलला नाही.

“दुखतंय?”

“न्हाई मॅडम.”

मॅडम तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मीही बघत होतो. खरं की खोटं, ते मला ओळखता आलं नाही. पंधरा वर्षं जिला बघतोय तिच्या ‘न्हाई’चा अर्थ मला लागेना. मॅडमनी मूठ काढली. “बूट घाल.”

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. सुट्टीत मी ती रोज बघितली होती. दुखलं की ती उजव्या पायाचा मोजा वर ओढायची. मोजा खाली आलेला नसला तरी.

पहिला अर्धा खेळ मी फक्त मोजा बघितला. चेंडू कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. नांदेडच्या संघात एक उंच, लांब टांगांची मुलगी होती. ती उजवीकडून सुसाट यायची आणि माझी लेक तिच्यापुढं आडवी सरकत जायची, अर्धी बसलेली, घागरींच्या रांगेशेजारी चालायची अगदी तशी. ती मुलगी आत वळली की ही आत. बाहेर वळली की ही बाहेर. अण्णा आधी हात मागं बांधून उभे होते. नंतर त्यांचे हात सुटले. नंतर ते “आडव! आडव तिला!” असं ओरडले आणि बाजूच्या माणसांनी बघितल्यावर खोकले.

गोल कुणाचाच झाला नाही.

दुसऱ्या अर्ध्या खेळात ऊन डोक्यावर आलं. त्या उंच मुलीनं एकदा डावीकडं झुकांडी दिली आणि उजवीकडून निघाली. माझ्या लेकीनं जागेवर वळून पाय लांब टाकला, चेंडू काढला, लोक ओरडले. आणि ती वाकली. मोजा वर ओढला.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“काही न्हाई. मोजा.”

ती पळायला लागली. बरी पळत होती. लंगडत नव्हती, लंगडू न देता पळत होती, हे फक्त मला दिसत होतं. पुन्हा चेंडू आला, पुन्हा ती आडवी सरकली. पुन्हा मोजा. तिनं एकदा आमच्या बाजूला बघितलं. माझ्याकडं नव्हे, अण्णांकडं. तिनं मॅडमचं ऐकलं तर बूट विहिरीत, आणि अण्णांच्या विहिरीला घाबरली तर पाय जाणार. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि काय सांगावं तेच कळत नव्हतं.

ती उंच मुलगी परत निघाली होती.

लेकीनं चेंडू बाहेर मारला. लांब, थेट प्रेक्षकांत. आणि हात वर केला.

खेळ थांबला. ती चालत बाहेर आली. आता लंगडत होती, उघड उघड, काही न लपवता. मॅडमनी राखीवमधली सगळ्यात बुटकी मुलगी आत पाठवली. लेक रेषेबाहेर सतरंजीवर बसली आणि अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागं. आजूबाजूला नांदेडची पन्नासेक माणसं, शिक्षक, पोरं, चहावाला.

“गुडघा?” अण्णांनी विचारलं.

तिनं वर बघितलं.

“न्हाई मोठे अप्पा. गुडघा कधीच नव्हता. जांघ दुखायली.”

मी गोलपोस्टकडं बघायला निघालो होतो. नाही बघितलं. अण्णांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. ते आपल्या चपलांकडं बघत होते. मीच म्हणालो, “हाव अण्णा. जांघच हाय. मला माहीत होतं.” आयुष्यात पहिल्यांदा मी मान न हलवता काहीतरी बोललो असेन.

अण्णांनी घसा खाकरला.

“उजवी का डावी?”

“उजवी.”

“हं,” ते म्हणाले आणि चहावाल्याकडून बर्फ आहे का बघायला गेले.

मॅच आम्ही पेनल्टीत हरलो. बुटकीनं शेवटपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. मुली रडल्या, माझी लेक सगळ्यात जास्त. मॅडम म्हणाल्या, वेळेवर बाहेर आली, आठ-पंधरा दिवसांत बरी होईल, मग परत ट्यूब, सावकाश. अण्णा ऐकत होते. लेकीचे बूट मात्र त्यांनी स्वतःच्या हातात घेतले होते, नाड्या एकमेकींना बांधून. सतरंजीवरून उचलताना कुणी बघितलं नाही.

जीपमध्ये ते बूट त्यांच्या मांडीवर होते. लेक मागच्या सीटवर मैत्रिणींच्या मांड्यांवर पाय लांब करून बसली होती. तिला ते दिसत होते. मला ती दिसत होती. जळकोट मागं पडलं. दिवस मावळायला आला होता.

विहीर आली.

“थांबव रे जरा,” अण्णा ड्रायव्हरला म्हणाले.

जीप थांबली. अण्णा उतरले, बूट हातात. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी दाराचा दांडा धरला होता. उतरायचं म्हणून धरला होता, पण पाय जागचे हलेनात, आणि त्याचा दोष मी ट्यूबला देऊ शकत नव्हतो. लेकीनं डोळे मिटले नाहीत. सरळ बघत राहिली.

अण्णा कठड्यापाशी गेले. आत वाकून बघितलं. मग हात उचलला आणि बूट कठड्याच्या दगडावर आपटले. एकदा, दोनदा, परत परत. नांदेडच्या मैदानाची माती ढेकळांनी आणि धुळीनं खाली विहिरीत पडत राहिली. बुटांचे तळ उलटे करून त्यांनी खिळ्यांमधली माती बोटानं काढली, बूट एकमेकांवर झटकले आणि परत येऊन लेकीच्या पायाशी ठेवले.

“सगळ्या गाडीत माती करायले होते,” ते म्हणाले. “घे गाडी.”